ख्रीनचं बूच

युक्रेनमधल्या लुत्स्कच्या मोटार कारखान्यात दमियानची उमेदीची वर्षं गेली ती एकाच गाडीपायी. काय गाडी होती! लढाईतून जखमींना उचलून आणण्यासाठी लष्करानं करवून घेतलेली, बुटकी, टपाविना. चालक मधोमध, दोन्ही अंगांना एकेक जखमी. गोळ्या सुटल्या, तर चालकानं आडवं होऊन हाकायची. पाण्यात घातली की चाकांच्या जोरावर पोहायची. तळाची बुचं बसवून गाडी हौदात सोडायची आणि थेंबभर तरी पाणी आत येतं का बघायचं, हे दमियानचं काम. पुढे सोव्हिएत राज्य गेलं, लष्करानं जुन्या गाड्या मोडीत काढल्या, तेव्हा त्यानं एक घरी आणली.

"लढाई कुणाशी रे, माझ्या कोंबड्यांशी?" शेजारीण उस्तिना विचारायची.

त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी स्टिर नदीनं रस्ता गिळला आणि नेमक्या उस्तिनाच्या सुनेला, सोलोमियाला, कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडे, चर्चला लागून. उस्तिना धावत आली ती सणाच्या खाण्याची टोपली काखेत मारून.

"अगं, ही कशाला?"

"जातोच आहोत, तर पाद्रीबाबा तीर्थ शिंपडतील. हाक तू!"

एका अंगाला सोलोमिया आडवी, दुसऱ्या अंगाला सासू. गाडी झोकात तरंगली. पाण्याच्या मध्यावर उस्तिना किंचाळली, "दम्या, माझे पाय भिजले!"

दमियाननं वाकून तळाचं भोक पाहिलं. सणाआधीच्या गुरुवारी सारं गाव घरदार घासूनपुसून काढतं. त्यानंही गाडी धुतली होती, पाणी निथळायला बूच काढलं होतं. ते अजून घरच्या खिडकीत वाळत होतं! जन्मभर बुचं बसवलेला माणूस!

"भोकात काहीतरी कोंब, उस्तिना! माझ्या पायामागे बघ!"

तिनं टोपलीत हात घातला. सॉसेज? मऊ. अंडं? छे! मग हाताला ख्रीन लागलं. मुळ्यासारखं जाड, नाकाला झोंबणारं ते मूळ तिनं भोकात खुपसलं आणि वर टाचेनं ठोकलं.

"देवाच्या वाटचं होतं हो, मेल्या!"

"आई, हसवू नका ना," सोलोमिया कण्हत म्हणाली.

पाणी थांबलं. दुपारी मुलगी झाली.

दवाखान्याच्या पायरीवर दमियान मान खाली घालून उभा होता. "आज माझ्यामुळे बुडाला असतात गं."

"तुझ्यामुळे पोचलो," उस्तिना म्हणाली आणि त्याचा चिखलाचा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

तेव्हापासून दर ईस्टरला तिच्या टोपलीत ख्रीनची दोन मुळं असतात. एक घरच्या ताटासाठी. दुसरं चर्चहून परतताना ती दमियानच्या दारात ठेवते. आणि तो टोपी काढून आधी तिला नमस्कार करतो, मग गाडीला.