पाण्याबाहेरचं बदक

नवागामात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग घेतो. तिथे एक कामगार एकदाच आला, रात्रपाळी संपवून थेट कापडाच्या लूमवरून. भुवयांवर सुताची लव होती. लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेली माणसं बोलतात तसा तो ओरडून बोलत होता.

"बतक शिकवा सर. खरं वाटंल असं."

"बदक," मी म्हणालो.

"पोरगी बतकच म्हणायची. गुजराती शाळेत होती."

डोक्याला गोल, अंगाला अंडं, दोन्ही जोडणारी मान. प्रत्येक रेघेवरून तो बोट फिरवून बघायचा, तुटलेला धागा शोधावा तसं. पाय मात्र काही केल्या जमेनात. खोडून खोडून कागद फाटायला आला. मी वैतागलो. नवशिक्यांना सांगतो तेच त्यालाही सांगितलं, "खाली पाणी काढा, म्हणजे पाय झाकले जातात."

त्याचा हात थांबला. पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"पानी नको सर. मागल्या पावसाळ्यात खाडीचं पानी खोलीत घुसलं. पोरगी त्यातच गेली."

त्यानं जमिनीची रेघ मारली आणि तिच्यावर पाय काढले. बोटं सुटी, मधे कातडं नाही. कोंबडीचेच पाय ते.

शिकवायच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "असल्या पायांनी बदकाला पाण्यात जाता येत नाही."

त्यानं त्या पायांवरून बोट फिरवलं.

"मग बरोबर आलेत," तो म्हणाला.