बंगल्यामागच्या दोन खोल्या

चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये मी कोल्हापूर सोडलं, तेही कुजबुजत. आबा माझी ट्रंक घेऊन पुढे, मी मधे आणि मागे आई, असे आम्ही बंगल्याच्या मागच्या फाटकापाशी आलो. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे सरकारांची, बंगल्याच्या मालकांची, झोपायची वेळ. कडी वाजू नये म्हणून आबांनी तिला चिंधी गुंडाळली होती. आई रडली तीही तोंडात पदर कोंबून. "काळजी करू नगंस पोरी, आमी हितं हाय की," आबा जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. चारला बाग उघडायची होती, म्हणून स्टँडपर्यंत कुणी आलं नाही. रिक्षानं वळण घेतलं आणि मी एकदाचं भोकाड पसरलं. रिक्षावाला दचकला. "आक्का, कोन गेलं काय?" म्हटलं, "कुणी नाही. मीच चाललेय."

कोल्हापुरात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांना तो बंगला आठवत असेलच. पुढची बाग मालकांच्या वडिलांनी गावाला खुली करून दिली होती. दहावीच्या मुली तिथं अभ्यासाला यायच्या, पेन्शनर राजकारणावर भांडायचे, आणि मुलीला स्थळं बघायला लागली की तिचा 'दाखवायचा फोटो' बंगल्याच्या पोर्चसमोरच काढायचा, असा जणू नियमच होता. कितीतरी संसार त्या पोर्चच्या भरवशावर उभे राहिले. आबा त्या बागेचे माळी. अंधार पडला की शिट्टी वाजवून लोकांना बाहेर काढायचं कामही त्यांचंच.

मला मात्र बंगला मागूनच ठाऊक. न्हाणीघराचे पाइप, स्वयंपाकघराचं धुराडं आणि जुन्या तबेल्यातल्या आमच्या दोन खोल्या. तिथले कायदे वेगळे होते. व्हरांड्यातून दिसतील असे कपडे वाळत घालायचे नाहीत. रेडिओ लावायचा नाही. दुपारी दोन ते चार आवाज म्हणून करायचा नाही. आई शाळेत शिपाई होती. दोनला घरी येऊन ती कुकर चढवायची आणि शिट्टी होणार असं वाटलं की सांडशीनं अलगद उचलून वाफ सोडून द्यायची. शाळेतून आल्यावर हे काम माझ्याकडं. कोल्हापुरात शेजारच्या गल्लीतल्या माणसाला दारातूनच हाक मारतात, आणि त्या गावात आमचं एकच घर कुजबुजणारं. बडोद्याला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, तेव्हा तिथल्या बेननी विचारलंही, "तू खरंच कोल्हापूरची?"

बडोद्यात हळूहळू रुळले. गोड डाळ पहिलं वर्षभर घशाखाली उतरेना, पुढं मीच डाळीत गूळ टाकायला लागले. लग्न झालं, सोसायटीत फ्लॅट झाला, बोलण्यात 'चालशे' आलं. रविवारी आबा राजारामपुरीतल्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. तिथंही सवयीनं कुजबुजायचे. मी इकडून ओरडायची, "आबा, मोठ्यानं बोला!" ते पुटपुटायचे, "ऐकू येतंय न्हवं? मग झालं." म्हातारे सरकार गेले, वारस पुण्याला. बंगला ओस पडला, तरी आबांचा आवाज काही वर आला नाही.

खोल्या गळायच्या. पावसाळ्यात साप निघायचे. आबांचे गुडघे गेले होते. त्यांना इकडं घेऊन यावं असं दर दिवाळीला मनात यायचं आणि मी गप्प बसायची. माझी खात्री होती, आबांचा जीव त्या बागेत आहे, तिथून हलवलं तर हा माणूस जगायचा नाही.

आणि दोन हजार चार साली मैत्रिणीचा फोन आला, "अगं, बंगला पाडत्यात!" आबांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. रजा टाकली, दोन गाड्या बदलून दुपारी कोल्हापुरात उतरले आणि रिक्षानं थेट तिथं गेले. पोर्च गेला होता. जेसीबी बागेत फिरत होता, बाकांचा ढीग पडला होता. रोज फिरायला येणारी माणसं कंपाउंडला टेकून उभी होती. एक रिटायर्ड मास्तर तर चक्क रडत होते. हे असे रडतात, तर आबांचं काय झालं असेल? धावत मागं गेले. तबेल्याच्या जागी विटा. तिथल्या रखवालदाराला आबांचं विचारलं.

"माळीमामा व्हय?" रखवालदार म्हणाला. "त्यास्नी जाऊन आठ दिस झालं की. राजारामपुरीत ऱ्हात्यात." त्यानं गल्ली सांगितली. जिना चढताना वरून कुणाचा तरी दणदणीत आवाज आला, "आगं, चा टाकतीस का न्हाईस? का सांगावा धाडू?" मनात म्हटलं, आबांना शेजार तरी कसला भांडकुदळ मिळालाय! दार वाजवलं. दारात आबाच. चेहरा बघितला तरी त्या आवाजाची आणि त्यांची गाठ मला घालता येईना.

"आबा, बाग गेली..." एवढंच बोलले आणि रडायला लागले.

"गेली. वाईट वाटतंय, झाडं हातानं लावल्याली," आबा खुर्चीत बसत म्हणाले. "पर खोल्या गेल्या ते ब्येस झालं. धा वर्सं झाली, कटाळलोतो मी."

"मग सोडल्या का नाहीत?"

"तू म्हायारला आलीस तर कुठं येशील? तुला त्या बंगल्याची लई ओढ. म्हून थांबलोतो की!"

मग मला काय वाटत होतं ते सांगितलं. आई कपाळावर हात मारून हसली. "दोघंबी शाणी! ह्ये तिच्यासाठनं सापात ऱ्हायलं, आन ती ह्येंच्यासाठनं गप ऱ्हायली." दहा वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरलं. इतकं हलकं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

आता तिथं अपार्टमेंट आहे. गावानं बाग गमावली याची हळहळ मलाही आहे, आणि मास्तरांचं रडू मी विसरलेले नाही. पण घर म्हटलं की डोळ्यांसमोर पोर्च येत नाही, तबेलाही येत नाही. त्या दिवशीचा राजारामपुरीतला ओटा येतो.

तीन वाजले असतील. बोलता बोलता कुकर फुरफुरायला लागला. मी तशीच उठले, सांडशी उचलली आणि शिट्टीकडं हात नेला. आईनं माझं मनगट धरलं.

"वाजू दे की," ती म्हणाली.