लातूरच्या सरांचं कृष्णविवर

नांदेडला मी फिजिक्सची शिकवणी घ्यायचो आणि लातूरच्या एका माणसावर जळायचो. दोन्ही कामं नेमानं चालायची. हा माणूस कॉलेजात माझा रूममेट, माझ्याच वह्या उतरवून पास झालेला. भूकंपानंतर त्यानं लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला. माझ्याकडे पक्की स्लॅबची खोली, वर पंखे. पण धरणी हलल्यापासून लोकांना डोक्यावर पत्राच बरा वाटायचा. माझी निम्मी पोरं त्या पत्र्याखाली गेली.

पुढे काही वर्षांनी माझ्याकडे अकरावीला एका टेलरची मुलगी आली. फार हुशार. एकदा तिनं विचारलं, "सर, आपल्या दीर्घिकेच्या मधोमध कृष्णविवर आहे म्हणतात. मग आपण अजून गिळले कसे गेलो नाही?"

मी ठोकून दिलं, "वेळ लागतो. पण शेवटी सगळं गिळणार." लातूर डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे उत्तर लगेच सुचलं.

महिन्याभरात तिचे वडील आले. "सर, गुस्सा नका करू. लेकीला लातूरला ठेवायलोय. तिथं वर पत्रा हाय, तिच्या मायला घोर न्हाई."

"बरोबर हाय," मी म्हणालो. लगेच हजेरीवहीत तिचं नाव खोडलं.

बारावीला तिला भरघोस मार्क पडले आणि लातूरच्या चौकात त्या क्लासच्या फलकावर तिचा फोटो लागला. तो पाहायला मी मुद्दाम एसटीनं गेलो. अर्धी अकरावी माझ्याकडे झाली, त्याची कुठं एक ओळ नाही. मनाची समजूत एकाच गोष्टीनं घातली: तिथं नुसते प्रश्नसंच रगडून घेतात, कृष्णविवराला वेळ कुणाला? तिचं कुतूहल तेवढं माझ्याकडचं.

ती पेढे घेऊन आली तेव्हा मी हळूच विचारलं, "तिकडं कृष्णविवर विसरलीस ना?"

"न्हाई सर. तिथल्या सरांनी एका रविवारी मला एकटीला बसवून समजावलं. ते सगळं गिळत न्हाई. अगदी जवळ जाईल तेवढंच. लांबचे तारे आपले फिरत राहतात. पण आत पडणारा वायू लई तापतो, त्याचे झोत सुटतात, अन् आसपासचा वायूही तापून लांब ढकलला जातो. थंड वायू न्हाई, तर नवे तारे कशातून होणार? सर म्हणाले, तापल्या तव्यावर पाणी ठरतं का?"

मी पेढा तोंडात धरून बसलो. त्याला शिकवताही येत होतं.

जाताना ती पायाशी वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही काय सांगितलं होतं, ते त्यांना सांगितलं न्हाई मी."

पुढच्या आठवड्यात नव्या बॅचला मी हे सगळं शिकवलं, तव्यासकट. पोरं खूश झाली. एकीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला कसं सुचतं?" मी हसलो आणि फळा पुसायला घेतला.