आष्टा ते माण, एका घोंगड्यासाठी

आष्ट्याच्या स्टँडवर आम्ही दोघं सकाळी उभे राहिलो तेव्हा माझ्या अंगावर स्वेटर, शाल आणि कानटोपी होती आणि आमच्या ह्यांच्या अंगावर अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बर्फातल्या चौकीवर काही हिवाळे काढल्यामुळे सांगली जिल्ह्यातल्या थंडीला ते थंडी मानतच नाहीत. हात चोळणाऱ्या चहावाल्याला त्यांनी सुनावलं, "याला गारवा म्हणतात." त्या बिचाऱ्याने हात खिशात घातले.

प्रवासाचं कारण आमची लेक पल्लवी. तिचं पहिलं बाळंतपण ऐन पौषात येणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे बोलूनही दाखवावं लागत नाही. आणि ही पोरगी पुण्याहून फोनवर म्हणते, "आई, मी सासरीच थांबते. आपलं घर फार गार आहे गं." विहीणबाईंनी तिच्यासाठी हीटर आणला, खोलीत गालिचा घातला. विहीणबाई स्वभावाने फार चांगल्या आहेत, तोच तर त्रास आहे. भांडायलाही जागा नाही.

मी कंबर कसली. आमच्या नव्या बंगल्याची फरशी चकचकीत आहे, पण हिवाळ्यात तिच्यावर पाय टेकला की कळ मस्तकात जाते. मी बाळंतिणीच्या खोलीला जाड पडदे शिवले. दाराच्या फटींना जुन्या साड्यांच्या सुरळ्या लावल्या. मऊ पडलेल्या लुगड्यांच्या गोधड्या केल्या, पांढरा भगभगीत दिवा काढून पिवळा लावला, शेगडी आणून ठेवली. हे मात्र रोज पहाटे उठून घरभर खिडक्या सताड उघडत. "हवा खेळती पाहिजे!" मी मागून फिरून त्या लावत असे. संसार एवढा जुना झाला की नवरा हवामानातच जमा होतो, त्याच्याबद्दल तक्रार करायचं सुचत नाही. एवढं सगळं करूनही पल्लवी "बघू" च्या पुढे सरकेना. तेव्हा शेजारीण म्हणाली, फरशीवर माणदेशी घोंगडं घाला, मग बघा खोली कशी होते ते. लगेच निघालो.

कऱ्हाडपर्यंत एसटी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे लग्नाच्या वरातीसारखी चालली. पुढे औंधला उतरलो. यमाईचा डोंगर हे भरभर चढून गेले. माझे गुडघे ऐकेनात, म्हणून मी पायथ्याच्या पायरीलाच डोकं टेकवलं. म्हटलं, "आई, माझी पोरगी घरी येऊ दे. पुण्याचा हीटर बिघडू दे असं मी म्हणणार नाही. पण तुझं तू बघ." ह्यांनी वरून प्रसादाचा नारळ आणला आणि मला पायऱ्या चढण्याचं योग्य तंत्र सांगितलं.

दहिवडीच्या पुढे मुलूखच बदलला. ऊस संपला, बाभळी आल्या, उघड्या माळावर मेंढरं. वारं कोरडं आणि धारदार. विचारत विचारत एका वस्तीवर पोचलो, तर अंगणभर काळी लोकर ताणून बांधलेली आणि एक धिप्पाड बाई कुंचल्याने तिला खळ (चिंचोके शिजवून केलेली पेज) लावत होती. ती हिराक्का. तिचा नवरा आत मागावर बसून विणत होता. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली, तेवढंच. बोलण्याचं खातं हिराक्काकडे होतं.

"कुटनं आलाय?"

"आष्ट्याहून."

"म्हंजी उसातली मान्सं! आवं, समद्या अंगानं पानी. मग थंडी वाजंल न्हाई तर काय?"

"मला वाजत नाही," हे म्हणाले.

"तुमास्नी न्हाई वाजत, मंग घोंगडं इकत घ्यायला ह्यांनीच आनलंय व्हय तुमास्नी?" हिराक्का माझ्याकडे बघून हसली. बाई मला तिथल्या तिथे आवडली.

तिने वाडग्यातून माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, तिखट पेज) दिलं. ते घशाखाली उतरताच कानाच्या पाळ्या तापल्या. हे आपलं वाडगं घेऊन मागाजवळ गेले आणि पाय कसा टाकला तर विणकामाचा वेग वाढेल ते समजावू लागले. हिराक्काचा नवरा "व्हय साहेब" म्हणाला आणि आपल्याच वेगाने विणत राहिला.

मी एक काळंभोर घोंगडं पसंत केलं. पल्लवीला दाखवावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला. ती "छान आहे गं" म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. मी घोंगड्याची कड उगाच चाचपत राहिले. ते हिराक्काने पाहिलं, खळीचा हात लुगड्याला पुसला आणि फोन सरळ ओढून कानाला लावला; आवाज मात्र अंगणभर ऐकू येत होता.

"काय गं पोरी, आई गाड्या बदलत हितवर आली. तुला घरला यायला काय हुतंय?"

पल्लवी आधी गडबडली. मग हळूच म्हणाली, "मावशी, बाबा जवळ आहेत का हो?"

हे हिराक्काच्या अगदी पाठीशी उभे होते, हातात वाडगं. हिराक्काने वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि फोनला सांगितलं, "न्हाईत."

"मावशी, थंडीचं एवढं काही नाही हो. पण बाबा पहाटे सगळ्या खिडक्या उघडतात. पंखा लावतात. मला लहानपणी गार पाण्याने आंघोळ घालायचे, शिट्टी वाजवून. माझ्या बाळाला पण घालतील. त्यांना नको म्हणायला मला जमत नाही. आईला सांगितलं तर ती त्यांच्याशी भांडेल. म्हणून आपलं घर गार आहे म्हणते."

मागाचा आवाज थांबला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. घरातल्या सगळ्या फटी मी बुजवल्या होत्या आणि वारा आत आणणारा माणूस माझ्याबरोबर एसटीने फिरत होता. ह्यांनी उरलेलं माडगं संपवलं, वाडगं खाली ठेवलं आणि घोंगड्यावरून तळहात फिरवला.

"हे टोचतं?" त्यांनी हिराक्काला विचारलं.

"कोरं हाय, टोचनारच की. आदी थोरल्या मान्सानं आंगाखाली घ्यायचं, लय लोळायचं, मळवायचं. मऊ पडलं की मंग ल्येकराला."

परतीच्या वाटेवर घोंगडं ह्यांनीच खांद्यावर घेतलं. औंधच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना एका शेळीला खळीचा वास लागला आणि ती घोंगड्याची कड मनापासून चाटू लागली. एरवी ह्यांनी शेळीच्या मालकाला सावधानमध्ये उभा केला असता. आज त्यांनी शेळीला नुसतं हाताने बाजूला सारलं आणि माझा फोन मागितला.

"पल्लवी? खिडक्या बंद राहतील. पंखा बंद. शिट्टी कपाटात. आंघोळ तुझी आई घालेल. आष्ट्याला रिपोर्ट कर."

पलीकडून पल्लवी ओरडली, "मावशी खोटं बोलल्या!" आणि रडत रडतच म्हणाली, "येते, बाबा." ह्यांनी फोन मला दिला आणि गाडी आली का ते बघायला पार रस्त्यापर्यंत गेले. गाडी यायला अजून अवकाश होता. मी त्यांना परत बोलावलं नाही.

आता घरी आलो आहोत. घर ऊबदार करायचं म्हणून मी माणदेशापर्यंत जाऊन आले आणि ज्याला वाटेवर आणायला हवं होतं ते धूड माझ्याच शेजारच्या सीटवर निघालं, त्याला तिकीटही पूर्ण पडलं. पल्लवी डोहाळजेवण झालं की येते आहे. विहीणबाईंनी हीटर सोबत पाठवते म्हटलं, मी नको म्हटलं नाही.

जेवण झालं की हे बाळंतिणीच्या खोलीत जातात, बनियन काढतात आणि घोंगड्यावर उघड्या पाठीने आडवे होतात. आज दुपारी डोकावले तर पाठ लालेलाल झालेली. म्हटलं, अहो, खाली चादर तरी घ्या.

"चादरीने ते मऊ कसं होईल?" ते म्हणाले आणि कूस बदलून पुन्हा लोळू लागले.