देखेलबाबांचा प्रश्न

देखेलबाबांना ऐकीव गोष्टीचा भारी तिटकारा. तळ्यावर कुणीही येवो, चौथीतलं पोर असो की तळोद्याहून जीपने आलेला साहेब, रामराम झाला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय देखं?" समोरचा गावगप्पा सांगू लागला की हात हलवून म्हणायचे, "आयकेल नको. देखेल सांग." म्हणून पोरांनीच हे नाव पाडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं. मी ते एकदाही उच्चारलं नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. तळ्याकाठच्या एका पत्र्याच्या खोलीत निसर्गशिक्षणाचं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं आणि आसपासच्या शाळांची पोरं तिथे दिवसभरासाठी येत. मी तिथला गुरुजी, तात्पुरत्या नेमणुकीवरचा. बाबा राखणदार. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचे भिल्ल. घरी भिली बोलायचे, आमच्याशी अहिराणी. खरं सांगायचं तर शिकवायचे तेच. मी आपला फळ्यावर लिहायचो.

पक्ष्याकडे बोट दाखवलेलं त्यांना खपत नसे. ते नुसती हनुवटी पुढे करायचे. एकदा मीच बोट केलं, तर म्हणाले, "तुले कोणी असं बोट दखाडं तर तू बशी ऱ्हाशी का?" सगळ्यांना 'तू'च म्हणायचे, साहेबालासुद्धा.

जांभळाखाली पोरांना बसवायचे. सावली अमक्या दगडापलीकडे सरकेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मग एकेकाला तोच प्रश्न. पोरंच ती! कुणाला दहा बगळे दिसायचे, एकाला तर चक्क वाघ दिसला. जवळच्या शाळेतली सुमन तेवढी एकदा रडवेली होऊन म्हणाली, "मी काहीच नई देखं, बाबा." बाबा खूश! "हाई पोर खरी," म्हणत त्यांनी धोतराच्या सोग्यातली सगळी बोरं तिच्या ओंजळीत ओतली. त्याच दिवशी मी खंड्या कसा सूर मारतो याचं झकास वर्णन केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तकमा आयकेल शे, गुरुजी." पोरं हसली. मला राग आला. हा अंगठेबहाद्दर मला शिकवणार?

थंडीत तपासणीची चिठ्ठी आली. साहेबांचा शेरा चांगला पडला तर माझी नेमणूक कायम होणार होती. पण त्या आठवड्यात काठावर एक पाखरू फिरकेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, "पाखरं नई उनात तर नई. जे दिसी ते दिसी." मला ते परवडणारं नव्हतं. नमुना पाठ आधी घोटून घ्यायचा आणि तपासणीला तो सहज घडल्यासारखा दाखवायचा, हे आम्ही मास्तर लोक जन्मजात शिकलेलो. शहाणाच मी! बाजारातून जिवंत पाणकोंबडी आणली, आदल्या दिवशी बाबा घरी गेल्यावर खोलीतल्या नकाशाची निळी दोरी सोडली आणि त्या दोरीने पाखराचा पाय लव्हाळ्यात बांधून ठेवला.

सकाळी साहेब आले. पाणकोंबडी फडफडली. साहेब खूश झाले, पोरांना म्हणाले, "सांगा बघू, काय पाहिलंत?" सुमन उभी राहिली.

"पाणकोंबडी देखी. तिना पायले दोरी बांधेल शे."

साहेबांचा चेहरा पडला. "ही फसवाफसवी कुणाची?"

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. दोरी सोडली, पाखरू छातीशी धरलं. त्याचा पाय लोंबत होता. ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हातातल्या दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "काय देखं, गुरुजी?"

अहो, केवढी संधी दिली होती त्या माणसाने! आणि मी, त्यांना एरवी 'अहो बाबा' म्हणणारा मी, सगळ्यांदेखत म्हणालो, "अरे, मी काय पाहणार? मी काही नाही पाहिलं. राखण तुझी ना?"

 साहेबांनी बाबांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. जाताना पाणकोंबडी त्यांच्या काखेत होती. सुमन माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ओळखलं होतं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर दोरी सोडल्यापासून कोपऱ्यात गुंडाळून पडलेला नकाशा भिंतीवर नीट टांगलेला. तीच निळी दोरी, एका ठिकाणी रक्ताने काळी पडलेली. मी ती बदलली नाही आणि नकाशाकडे पाठ करूनच शिकवत राहिलो. पुढे कायमही झालो. सुमन परत कधी केंद्रावर आली नाही.

सहा-सात वर्षांनी धीर करून गुळाची ढेप घेऊन मी पाड्यावर गेलो. बाबा थकले होते. खाट टाकली, पाणी दिलं, आणि विचारलं, "तळावर काय देखं?" मी बदकं सांगितली, बगळे सांगितले, खंड्याचा सूर सांगितला, तोही या खेपेला स्वतः पाहिलेला. ते ऐकत राहिले. माझं सांगून संपलं तरी ते थांबलेच होते. मग मी म्हणालो, "येतो बाबा," आणि उठलो. ढेप खाटेवर ठेवून आलो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

आता सांगतो बाबा. आयकेल नाही, देखेल. दोरी मी बांधली.