कडक इस्त्रीचे चोर

शमसुन्निसाभाभींची तांदळाची भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि दारावर थाप पडली.

"नशरा, बघ गो कोण हाय," त्यांनी सुनेला सांगितलं.

दारात हैबती होता. मागे मुंबईची एक मुलगी, हातात भलीमोठी पिशवी.

"भाभी, ही अंकिता. आपल्या नाटकाचा सिनेमा होतोय ना, त्यातले कपडे हिच्याकडं. तुम्ही शिवलेले बघायचेत म्हणते."

हैबतीचं 'सज्जन चोर मंडळी' ठाऊक नाही असा माणूस तुडील गावात सापडायचा नाही. गाणी त्याची, चाली त्याच्या, चोरांचा म्होरक्याही तोच. पण नाटकाचा जीव खरा भाभींच्या मशीनखालून निघाला. नवरा कुवेतला, आता मुलगा ताबिशही तिकडेच; भाभींनी मात्र गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या सदऱ्यांची मापं तोंडपाठ ठेवली. सतरा वर्षांपूर्वी हैबतीने चोरांसाठी ठिगळांचे कपडे सांगितले, तर यांनी पांढरेशुभ्र झब्बे शिवले आणि वर कडक इस्त्री मारली.

हैबती उखडला. "चोर हायत भाभी, नवरदेव नायत!"

"मी सगळ्यांचे शिवते," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "ज्याला कायतरी लपवायचं असतं, तोच इस्त्री कडक मागतो."

दुसरे शिवायला वेळच नव्हता. चोर तेच घालून प्रेक्षकांमधून गात आले. पुढच्या रांगेतले पुढारी प्रमुख पाहुणे आले समजून उठून उभे राहिले आणि नाटक ठेवणाऱ्या मंडळाच्या एकाने घाईघाईने म्होरक्याच्या गळ्यात हारच घातला! मांडव हसून लोळला. तेव्हापासून दर वर्षी नाटक त्या सत्कारानेच सुरू होतं.

अंकिताने पिशवी उघडली. फाटक्या बंड्या, काळे रुमाल, चिखलाचे डाग पाडलेल्या लुंग्या.

"आमच्या डायरेक्टर सरांनी पास केलंय, काकी. चोर बघताक्षणी ओळखू यायला हवेत ना."

हैबतीने मान खाली घातली. "मी बोललो त्यांना. पन माझं कोन ऐकतो? शूटिंग सोमवारी हाय."

भाभींनी एक बंडी उलटी करून शिवण पाहिली. "टाका झकास हाय, पोरी. पण हे घालून कोण आला, तर लोक खिसे सांभाळतील. उठून उभं कोण राहील?"

ट्रंकेतून त्यांनी एक झब्बा काढून तिच्या मांडीवर ठेवला. अंकिता बराच वेळ त्याची कॉलर बोटांनी चाचपत राहिली. मग तिने फोनवर त्याचे चार फोटो काढले.

"सरांना दाखवते. आणि काकी, पडद्यावर तुमचं नाव घालायला सांगते."

"घाल की! ताबिश कुवेतात बघील," भाभी हसल्या. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "पण तुझ्या सरांना माझं एकच मागणं सांग. चोरांना फाटके कपडे घालू नका."