एकतिसावी खाट

तरे सिस्टर ड्युटीवर आल्या की आधी कागदाला हात लावत नसत. पर्स कपाटात टाकायची, हात धुवायचे आणि थेट एक नंबरच्या खाटेपाशी जाऊन पेशंटच्या पायाचा अंगठा धरायचा. चादर असली तर ती बाजूला सारून. नखावर जरासा दाब द्यायच्या, त्याच्या तोंडाकडे बघत दोन शब्द बोलायच्या आणि पुढच्या खाटेकडे सरकायच्या. असं एक ते तीस. ड्युटी संपवून घरी निघालेली सिस्टर वही घेऊन त्यांच्यामागे ओव्हर देत चालायची. ओव्हर म्हणजे कोणत्या पेशंटचं काय चाललंय ते येणाऱ्या सिस्टरच्या हवाली करणं. तिचं बोलून झालं की तरे सिस्टर म्हणायच्या, "घेतली." त्या क्षणापासून वॉर्ड त्यांचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते इन्चार्ज म्हणून माझ्या पहिल्याच दिवशी. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात बारा वर्षं काढून मी भिवंडीत पुरुषांच्या वॉर्डाची इन्चार्ज म्हणून आले होते. सहा महिन्यांचं प्रोबेशन, हाताखाली अकरा सिस्टर, आणि जन्मात कधी कुणाची ड्युटी लावलेली नाही. मी मुळातच पायाला भिंगरी असलेली बाई. त्यात हे नवीन पद! खुर्चीत दोन मिनिटं टेकले की वाटायचं, काहीतरी राहिलंय. उठायचे, औषधाचं कपाट तपासायचे, परत यायचे, परत उठायचे. कल्याणहून येताना रिक्षात बसल्या बसल्या पाय हलत असायचा. शेजारच्या बाईने एकदा विचारलंसुद्धा, "उतरायचंय का तुम्हाला?"

तर त्या दिवशी घड्याळ लावून बघितलं. तरे सिस्टरांच्या त्या अंगठेधरणीला पस्तीस मिनिटं लागली. सकाळच्या पोरी तोवर ताटकळत उभ्या. मी पुढे होऊन म्हटलं, "सिस्टर, सगळं लिहिलेलं असतं ना वहीत?"

"असतं ना, मॅडम."

"मग पाय कशाला बघायचे?"

"वहीत कालचा मानूस असतो," त्या म्हणाल्या आणि पुढची चादर सारली.

वॉर्डात सगळ्या एकमेकींना सिस्टर म्हणायच्या, मलाही. एकट्या तरे सिस्टर मला मॅडम म्हणायच्या. त्या 'मॅडम'मध्ये काय काय होतं ते मला बरोबर कळत होतं, किंवा कळतंय असं वाटत होतं. त्या इथल्याच, जवळच्या शेलार गावच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, चालताना डावा गुडघा थोडा वाकडा पडायचा. वॉर्डात अठ्ठावीस वर्षं झालेली. इन्चार्जची जागा त्यांचीच होती, सगळे तसं म्हणायचे. आणि आणली कोण, तर पुण्याची ही उपरी! मी मनात पक्कं करून टाकलं होतं की ही बाई माझ्यावर खार खाऊन आहे.

म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. एक तर फर्मान काढलं की ओव्हर यापुढे टेबलापाशी, वहीवरून, दहा मिनिटांत. पोरी खूश झाल्या. तरे सिस्टर फक्त म्हणाल्या, "ऑर्डर हाय ना, मग हाय."

दुसरी गोष्ट ड्युटीचा तक्ता. जुना तक्ता पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. कुणालाही, कधीही, शुक्रवारची सुट्टी नाही! का, तर पहिल्यापासून असंच आहे. शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. माझ्या पहिल्या शुक्रवारी तर रस्त्यावरची खडखड थांबून कान मोकळे झाल्यासारखे वाटले होते. गाव शांत, मग वॉर्डही शांतच असणार, एवढं साधं गणित. मी अकरापैकी पाच जणींना शुक्रवारची सुट्टी लावली आणि मोठ्या दिमाखात तक्ता भिंतीवर चिकटवला.

तरे सिस्टरांनी चष्मा पुसून तो वाचला. "मॅडम, शुक्रवारी लूम बंद असतो. मानूस बंद नसतो."

मला वाटलं, टोमणा. मी म्हटलं, "बघू या आपण."

बघितलं! कपाळ माझं. लूमवरचा माणूस आठवडाभर ताप अंगावर काढतो. शिफ्ट सोडली तर मजुरी जाते, म्हणून गोळी खाऊन उभा राहतो, आणि दवाखान्याला येतो तो सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी. हे तिथल्या मावशीपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. डेंग्यूचे दिवस होते. त्या शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत नऊ पेशंट दाखल झाले, शिवाय भेटायला येणाऱ्यांची रीघ. वॉर्डात दोनच सिस्टर. त्यातली एक सायली, लागून सहा महिने झालेली, कॉन्ट्रॅक्टवरची. आणि मी कुठे? मी वरच्या मजल्यावर नव्या फॉर्मच्या मीटिंगमध्ये. खाली जीव अडकलेला, फोन टेबलाखाली थरथरतोय आणि मी मान हलवतेय.

तरे सिस्टरांची ड्युटी दोनची होती. त्या सव्वा वाजताच आल्या. नंतर मला कळलं की माझी ऑर्डर निघाल्यापासून त्या रोजच लवकर यायच्या. दोननंतर खाटेपाशी ओव्हर घ्यायची मनाई होती ना, मग दोनच्या आधी स्वतःच्या वेळेत अंगठे धरून यायच्या. सायलीने विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "दोनला मी सिस्टर. आता मानूस हाय, मानसाला भेटाय आले."

बावीस नंबरला इक्बाल नावाचा लूमवरचा कारागीर होता, तिशीतला. डेंग्यूचा चौथा-पाचवा दिवस. वहीत सायलीचं अक्षर होतं, 'ताप नाही, पेशंट शांत.' तोही हसून म्हणाला, "दीदी, बुखार तो उतर गया. बस थोड़ा पानी दे दो." तरे सिस्टरांनी अंगठा धरला. गार. नख दाबलं, पांढरं झालं, ते पांढरंच राहिलं. दुसरा पाय धरला. तोही गार. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच कधी कधी खरा घात होतो. बीपी बाराला बघायचं होतं, पण नऊ नवे पेशंट चढवण्याच्या धांदलीत ते राहून गेलं होतं.

मी जिन्यातून खाली येत होते तेव्हा त्यांचा आवाज ऐकला. अठ्ठावीस वर्षांत त्या वॉर्डात ओरडल्या नव्हत्या म्हणे. "डॉक्टरला बोलवा! सलाईन आना! पायाकरची बाजू उचला खाटेची!" मी धावले. बीपी लागता लागेना. पुढचा अर्धा तास मला सलग आठवत नाही. माझे हात काम करत होते आणि डोक्यात एकच, तक्ता मी लावला, तक्ता मी लावला.

इक्बाल वाचला. आयसीयूत पाच दिवस राहिला, मग चालत घरी गेला. पण चौकशी व्हायची ती झालीच. सोमवारी प्रशासकसाहेबांनी मला बोलावलं. आवाज अगदी मऊ. "त्या मुलीचा लेखी खुलासा घ्या. बाराचं बीपी घेतलं नाही हे खरंच आहे ना? त्याखाली तुमची सही करा. कॉन्ट्रॅक्टवरची आहे, विषय इथेच संपेल. तुमचं प्रोबेशन चालू आहे, तेव्हा तुम्हीही जपून."

सायलीने खुलासा लिहून दिला. रडून रडून कागद ओला केलेला. मी तो घेऊन चादरींच्या खोलीत गेले आणि दार लोटून येरझाऱ्या घालू लागले. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. सही केली तर पोरीची नोकरी जाते. नाही केली तर माझी. बीपी तिने घेतलं नव्हतं, हे काही खोटं नव्हतं. तेवढ्याच वाक्याखाली सही करायची होती. खरं सांगते, पेनाचं टोपण मी काढलं होतं.

तेवढ्यात तरे सिस्टर चादरी न्यायला आल्या. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता मॅडम म्हणून काहीतरी लावतील. त्या चादरी मोजायला लागल्या आणि मोजता मोजता बोलल्या.

"मी पन इन्चार्ज होते. लय वर्सं झाली. अठरा दिवस."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"एका पेशंटचं सलाईन संपलं, बघाय कोन न्हाय. मीच दोघींना खाली पाठवलेलं, सामान आनाय. साहेबानं कागद पुढं केला, वॉर्डात एकटी उरलेल्या पोरीचं नाव होतं. मी सही केली. खोटं काय लिवलं नव्हतं त्यात." त्या थांबल्या. "ती पोरगी अकलोली गावची. गेली घरी. एकदा देवीच्या जत्रेत दिसली, मी हाक मारली तर वलून दुसरीकरं गेली. मग मी साहेबाला सांगितलं, मना खुर्ची नको, मी आपली खाटेपाशी बरी."

चादरी उचलून त्या दारापर्यंत गेल्या. "तुमाला काय करायचं ते तुमी करा. मी चादरी न्यायला आल्ते."

म्हणजे खार नव्हती, काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं पाय धरत फिरणाऱ्या त्या बाईला मी काय काय समजले होते! मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्याच चादरींच्या गठ्ठ्यावर बसले आणि कोऱ्या कागदावर लिहिलं. शुक्रवारच्या ड्युट्या मी लावल्या. अनुभवी सिस्टरने सांगूनही मी ऐकलं नाही. खाटेजवळची ओव्हर मी बंद केली. नऊ पेशंट दोघींवर पडले, त्यात बीपी राहिलं. खाली सही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "काय लिहिलंय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, सर."

सायलीला तोंडी समज मिळाली. मला मेमो मिळाला आणि प्रोबेशन तीन महिने वाढलं. तक्ता मी फाडून नवा केला, शुक्रवार पूर्वीसारखा भरगच्च. ओव्हर परत खाटेपाशी गेली. सायली तर इतक्या निष्ठेने अंगठे दाबायला लागली की एक म्हातारा ओरडला, "बाई, तोडतेस काय?"

पण माझी तगमग काही गेली नाही. उलट वाढली. रोज वाटायचं, आज काय राहिलं? कोणता पाय गार पडलाय आणि मला ठाऊक नाही? त्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला, इन्चार्जपद नको, पुन्हा साधी स्टाफ सिस्टर करा. घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला. उद्या देऊ, उद्या देऊ करत महिने गेले. हात सारखा खिशाकडे जायचा. एप्रन बदलला की अर्जही बदलून ठेवायचे; एकदाच विसरले, तेव्हा धुण्यातून मावशीने तो आणून दिला. घडीवर कागद फाटायला आला होता.

तरे सिस्टर त्याच वर्षी रिटायर झाल्या. शेवटच्या दिवशी पोरींनी केक आणला, नारळ आणला, शाल आणली. त्या म्हणाल्या, "ते मागनं. आधी ओव्हर." सकाळची ड्युटी होती, त्यामुळे ओव्हर द्यायची होती ती त्यांनी. वॉर्ड घ्यायला सायली वही घेऊन उभी राहिली, पण त्यांनी तिच्या हातातली वही काढून माझ्या हातात दिली. "आज इन्चार्ज घेल."

आम्ही निघालो. मी अंगठा धरायचा, त्यांनी सांगायचं. एक नंबर, दोन नंबर. बावीसपाशी कुणी राहनाळच्या गोदामातला हमाल होता, त्याला त्यांनी दटावलं, "पाय धुवून झोपत जा की रे." तीस नंबर झाला. मी म्हणणार होते "घेतली," तेवढ्यात हात खिशाशी गेला.

"थांब. एक राहिली," त्या म्हणाल्या. "बस तिकरं."

टेबलामागच्या माझ्या खुर्चीकडे त्यांनी बोट दाखवलं. मी बसले. सगळा वॉर्ड बघतोय. तो वाकडा गुडघा टेकवत त्या खाली बसल्या, माझ्या बुटाची नाडी सोडली आणि मोजा ओढला. मी पाय मागे घेत म्हटलं, "अहो सिस्टर, काय करताय! तुम्ही मोठ्या आहात."

"गप बस." त्यांनी माझा अंगठा चिमटीत धरला. नख दाबलं, सोडलं. त्यांचे हात धुण्याने खरबरीत झालेले, आणि किती ऊन होते. "गार हाय. सकालपासून खाल्लं न्हायस. बसली पन न्हायस. अगो बाय, तीस मानसांचे पाय बघतीस, एकतिसावी खाट कोन बघल?"

बाय! इतके महिने मॅडम, मॅडम ऐकलेलं. मी त्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडले, केक घेऊन उभ्या पोरींसमोर. त्यांनी मोजा नीट चढवला, नाडी बांधली, माझ्या गुडघ्याचा आधार घेऊन उठल्या आणि माझ्या खिशाकडे बघत म्हणाल्या, "तो कागद मावशीनं धुवायला टाकताना कवाच वाचलाय. सगल्या वॉर्डाला म्हाईत हाय. तुज्या मनात असंल तर दे. पन आधी सांग, ओव्हर घेतली का न्हाय? माजी एसटी हाय."

सायली वहीकडे बघत होती.

"घेतली," मी म्हटलं.

"मग मी चालले," तरे सिस्टर म्हणाल्या, आणि केक कापायला गेल्या.